आक्कांच्या म्हशींचं इतिवृत्त

लघुलेखनाची परीक्षा पास होऊन मी दोन वर्षं घरी बसले होते. मग एके दिवशी कोल्हापुरातून नेमणुकीचं पत्र आलं: महापालिका, नगरसचिव कार्यालय. नगरसचिव म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील जयसिंगपूरच्या पोस्टात होते. त्यांनी पत्र तीनदा वाचलं आणि आईला सांगितलं, "सचिव म्हणजे मोठंच काहीतरी असणार." साहेब मोठे होतेच. मी मात्र साहेबांच्या हाताखालच्या हेडक्लार्कच्या हाताखालची कारकून होते. पण वडिलांचा आनंद मोडायला नको म्हणून मी ते बरेच दिवस घरी सांगितलं नाही.

काम एकच. महिन्याला नगरसेवकांची सर्वसाधारण सभा भरायची. तिथे कोण काय बोललं ते उतरवून घ्यायचं आणि त्याचं इतिवृत्त तयार करायचं. पुढच्या सभेत ते सगळ्यांसमोर ठेवलं जायचं आणि कुणाची हरकत नसली की कायम व्हायचं. कायम झालं म्हणजे ते खरं. मग प्रत्यक्षात काय घडलं होतं याला काही किंमत नाही.

हे मला हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही म्हणू लागले. तात्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि स्वभाव त्याहून नीटनेटका.

माझं टेबल सभागृहाच्या अगदी मधोमध, महापौरांच्या आसनाच्या खाली. तिथे बसलं की चारी बाजूंनी आवाज अंगावर यायचे. पहिल्याच सभेत पाण्याचा विषय निघाला आणि मागच्या बाकावरचे एक नगरसेवक उभे राहून ओरडले, "आयुक्तसाहेब, तुमच्या पाण्यापायी आमच्या गल्लीतल्या बाया नळावर एकमेकींची डोस्की फोडाय लागल्यात, आणि तुमी हितं पंख्याखाली बसून चा ढोसालाय व्हय?"

मी शब्दन् शब्द घेतला. मला वाटलं, तात्या खूश होतील. तात्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, डोळे पुसले आणि स्वतःच्या हातानं खाली लिहिलं : 'सन्माननीय सदस्यांनी प्रभागातील अपुऱ्या पाणीपुरवठ्याकडे प्रशासनाचे लक्ष वेधले.'

"असं," ते म्हणाले. "हे कागद शंभर वर्षं राहतात बाई. डोस्की कशाला ठेवायची त्यात?"

मी शिकले. 'तुमच्या बाची पालिका हाय काय?' असं कुणी विचारलं की 'तीव्र नाराजी व्यक्त केली.' दोघांनी बाह्या वर केल्या की 'उभयतांमध्ये चर्चा झाली.' वर्षभरात मी इतकी तयार झाले की आईनं फोनवर "तुझी चुलती लई बोलली गं मला" म्हटलं, तर माझ्या मनात आपोआप उमटायचं, 'लक्ष वेधले.'

पुढची निवडणूक झाली आणि बायकांसाठी राखीव जागा आल्या. सभागृहात एकदम रंगीत पदर दिसायला लागले. त्यांतल्या बऱ्याच जणींचे नवरे वरच्या प्रेक्षक गॅलरीत येऊन बसत. कुणी चिठ्ठी पाठवे, कुणी खोकून इशारा देई.

आक्का त्यांच्यातल्याच. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर इरकली लुगडं, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. गावठाणात त्यांचा म्हशींचा गोठा होता, सात-आठ म्हशी. सकाळ-संध्याकाळ दुधाचा रतीब. त्यांचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला तेव्हा नवऱ्याला उभं राहता येईना, म्हणून त्यांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. नवरा म्हणजे सभागृहाचा न निवडलेला सदस्यच. ते गॅलरीच्या पहिल्या रांगेत बसत. मतदानाची वेळ आली की हो म्हणायचं असेल तर डोक्यावरची टोपी काढत, नाही म्हणायचं असेल तर घालूनच बसत. आक्का वर बघायच्या आणि त्याप्रमाणे हात वर करायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा उकाड्यानं त्यांनी टोपी काढून वारा घेतला आणि आक्कांनी विरोधी पक्षाच्या ठरावाला पाठिंबा देऊन टाकला, तेव्हा सभागृह पाच मिनिटं हसत होतं. इतिवृत्तात मी लिहिलं, 'ठराव बहुमताने मंजूर.'

पहिले काही महिने आक्का एक अक्षर बोलल्या नाहीत. मग एका सभेत त्यांच्या प्रभागातल्या कचऱ्याच्या कोंडाळ्याचा विषय आला. प्रशासनानं कोंडाळं उचलून बालवाडीच्या दारात ठेवायचं ठरवलं होतं. नवरा त्या दिवशी पाहुण्यांच्या लग्नाला शिरोळला गेला होता. आक्कांनी वर पाहिलं, वर ती टोपी नाही. मग त्या उठल्या.

"मी जरा बोलतो," त्या म्हणाल्या.

कोल्हापूरच्या बायका 'मी जाते' म्हणत नाहीत, 'मी जातो' म्हणतात. आमच्याकडंही तसंच. मी नोकरीसाठी 'जाते, येते' शिकून आले होते, पण आक्कांचा तो 'बोलतो' ऐकला आणि मला एकदम माझी आई बोलल्यासारखं वाटलं.

त्या चांगल्या पाच-सहा मिनिटं बोलल्या. बालवाडीत किती लेकरं येतात, वारा कुठल्या बाजूनं येतो, कोंडाळ्याभोवती कुत्री कशी फिरतात, त्यापेक्षा जुन्या विहिरीशेजारची मोकळी जागा कशी बरी, गाडी तिथपर्यंत कशी जाते. कुणाला नावं ठेवली नाहीत, आवाज चढवला नाही. सभागृह गप्प होऊन ऐकत होतं. कोंडाळं विहिरीशेजारी गेलं.

मी तात्यांच्या शिकवणीप्रमाणे लिहिलं : 'सन्माननीय सदस्यांनी चर्चेत भाग घेतला.'

पंधरा दिवसांनी आक्का आमच्या कार्यालयात आल्या. हातात छापील इतिवृत्त होतं. पान दुमडून खूण केलेली. तात्या जेवायला गेले होते. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, हे तुमी लिवलंय न्हवं?"

"हो आक्का."

"माझी चौथी झालीया. अक्षराला अक्षर लावून वाचतो मी. मला वाटलं, माझं कुठं चुकतंय. म्हणून शेजारच्या पोरीकडनं वाचून घेटलं. तिनंबी एवढंच वाचलं." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी आयुष्यात पयल्यांदा चार मान्सांत बोललो. इतकं बोललो. आणि त्याचं एवढंच व्हय?"

 मी म्हटलं, "आक्का, पद्धत आहे तशी. सगळ्यांचंच असं लिहितो."

"सगळ्यांचं वेगळं हाय," त्या म्हणाल्या. "त्यास्नी बोलायची सवय हाय. उद्या परत बोलतील. माझं पुन्यांदा कवा होईल कुणाला ठावं?"

भांडायला आल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. जाताना दारात थांबल्या. "मी म्हशींतली बाई हाय. मला कागदातलं काय कळत न्हाय. पण पुढच्या टायमाला हाय तसं लिवा की. चुकलं तर माझं चुकंल. तुमचं नाव कशाला येतंय?"

तात्या परत आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं नाही. पण त्या दिवशी एसटीत बसून जयसिंगपूरला जाताना मला लहानपणीच्या रविवारांची आठवण येत राहिली. आमच्या विहारात वडील वाचनाचा वर्ग घ्यायचे. मोठी माणसं यायची, शेतमजूर, गिरणीतले हमाल, त्यांच्या बायका. एकेकाला एकेक ओळ वाचायला लावायचे. कुणी अडखळलं तरी वडील मध्ये बोलायचे नाहीत. "त्याची ओळ आहे," म्हणायचे, "त्यालाच पुरी करू द्या." मी तिथं वाढलेली, आणि एका बाईची सगळी ओळच खाऊन टाकली होती.

थोड्याच दिवसांत म्हशींचा विषय आला.

प्रशासनाचा प्रस्ताव असा : सकाळी शाळेच्या वेळेत मुख्य रस्त्यांवरून म्हशी न्यायच्या नाहीत, आणि तळ्यात म्हशी धुवायच्या नाहीत. आता कोल्हापुरात म्हशीला हात लावायचा म्हणजे साधी गोष्ट नाही. अर्धं गाव सकाळी कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं फेसाळ दूध पितं, आणि उरलेलं अर्धं गाव त्या म्हशींच्या मागनं स्कूटर चालवतं. सभागृहात दोन तास नुसता धुरळा उडाला.

एक जण म्हणाले, "म्हशी हाईत म्हणून कोल्हापूर हाय! पैलवान काय पिशवीतल्या दुधावर तयार होत्यात?"

दुसरे उठले. त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता. "परवा शेणावरनं गाडी घसरली माझी. बघा हे. पैलवानास्नी इचारा, मला उचलाय येतील काय म्हणून."

आयुक्त परगावचे. ते शांतपणे नियम वाचून दाखवत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा आक्कांकडे होत्या. गोठा त्यांचा, म्हशी त्यांच्या, तेव्हा त्या विरोध करणार हे धरूनच चाललेलं. वर गॅलरीत नवऱ्यानं टोपी घट्ट दाबून बसवली होती.

आक्का उठल्या. वर बघितलंच नाही.

"मी बोलतो. ठराव चांगला हाय," त्या म्हणाल्या. वरून खोकल्याचा आवाज आला. "चांगला हाय. माझ्याच म्हशीच्या शेपटीचा फटका बसून एका पोरीच्या शाळेच्या कापडांस्नी शेण लागलं. ती रडत परत घरला गेली. मी बघितलं. तवापास्नं मी मागल्या बोळातनं म्हशी नेतो. लांब पडतंय, पण नेतो. सगळ्यांनी न्याव्यात. पण तळ्यात धुवायचं बंद केलं तर मग धुवायचं कुठं? म्हस तापली की दूध सोडत न्हाय. तिला पाणी पायजे. तुमी आमास्नी गावठाणात एक हौद बांधून द्या. मोठा. नळ जोडून द्या. आमी तळ्याकडं फिरकत न्हाय. शेण आमचं आमी उचलतो, ते काय तुमाला सांगाय नगं."

माझा पेन पळत होता. 'लागलं' म्हटलं तर 'लागलं' लिहीत होते, 'न्हाय' म्हटलं तर 'न्हाय'.

मग सभापती उठले. स्थायी समितीचे सभापती म्हणजे मोठी असामी. कुठल्याही कामाला मंजुरी त्यांच्या समितीतून मिळायची. उंच, भरघोस मिशांचे, आणि बोलायला लागले की सभागृह त्यांच्या खिशात. सभा लांबली होती, सगळ्यांना घरी जायचं होतं. ते हसत म्हणाले, "आक्का, एवढंच व्हय? दिवाळीच्या आत हौद बांधून देतो की तुमाला. न्हाय दिला तर तुमच्या सगळ्या म्हशी माझ्या दारात आणून बांधा. मी सोता वैरण घालतो!"

सगळे हसले, टेबलं वाजली. ठराव झाला. मी कंसात लिहिलं, (हशा), आणि पुढे आणखी एक कंस, (टेबलांवर थापा).

तात्यांनी कच्चा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"वैरण? शासकीय कागदात वैरण?"

"त्यांनी तसंच म्हटलं तात्या."

"'सकारात्मक आश्वासन दिले' असं लिहा. संपलं."

"तात्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "एवढं एक राहू दे. आक्कांची मागणी आणि त्याला दिलेलं उत्तर. बाकी सगळं तुमच्या पद्धतीनं लिहिते."

तात्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "उद्या कुणी विचारलं तर मी जेवायला गेलो होतो." आणि सही केली. पुढच्या सभेत ते इतिवृत्त, आक्का सोडून कुणीही न वाचता, कायम झालं. बहुतेक इतिवृत्तं तशीच कायम होतात.

म्हशी मागच्या बोळातून जाऊ लागल्या. तळ्यावर पालिकेचा पहारेकरी बसला. दिवाळी आली, पाडव्याला म्हशी रंगवून सजवून मिरवल्या, दिवाळी गेली. हौदाचा पत्ता नाही. आक्का आणि गावठाणातली माणसं म्हशींच्या पाठीवर बादल्यांनी पाणी ओतत होती.

दिवाळीनंतरच्या सभेत आक्का उठल्या. "सभापतींनी शबूद दिलता. हौदाचं काय झालं?"

सभापती बसूनच म्हणाले, "असा कुठला शबूद मी दिलेला न्हाय. विचार करू म्हटलो असंन. पुरावा असंल तर दाखवा."

"हाय की पुरावा," आक्का म्हणाल्या. "तुमच्याच कागदात हाय. महापौरसाहेब, ते मागलं इतिवृत्त वाचून दाखवाय सांगा."

महापौरांनी नगरसचिवांना सांगितलं. साहेबांनी कागद शोधला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. साहेब पुण्यात शिकलेले. 'तुमी आमास्नी गावठाणात' इथपर्यंत आले, अडखळले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळले. मागून कुणीतरी खुसखुसलं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी कागद खाली माझ्याकडे दिला. "तुम्ही घेतलंय हे. तुम्हीच वाचा."

सभागृहात कारकून बोलत नाही. तीन वर्षं मी तिथे होते आणि माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. मी उभी राहिले.  पहिलं वाक्य कसंतरी वाचलं. दुसऱ्या वाक्यापासून मात्र जयसिंगपूर माझ्या मदतीला आलं. ही भाषा मला वाचायची नव्हतीच, ती तर मी बोलत आले होते. आक्कांचं आक्कांसारखं वाचलं, त्या शाळेच्या पोरीसकट. मग सभापतींचं.

"'दिवाळीच्या आत हौद बांधून देतो की तुमाला. न्हाय दिला तर तुमच्या सगळ्या म्हशी माझ्या दारात आणून बांधा. मी सोता वैरण घालतो.' कंसात हशा. कंसात टेबलांवर थापा."

मी बसले.  मग असा हशा उठला की महापौरांची घंटा ऐकू येईना. आयुक्तसुद्धा रुमालात हसत होते.

सभापती उठले. "अहो, ते गमतीनं बोललोतो मी!"

आक्का गंभीर होत्या. "म्हशीला गंमत कळत न्हाय, सभापती," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, कारण तोपर्यंत मी एसटीची ये-जा सोडून शहरात खोली घेतली होती आणि सभापतींचं घर माझ्या वाटेवर होतं. कोपऱ्यावर वळले तर गल्लीत गर्दी. सभापतींच्या फाटकाला आणि शेजारच्या विजेच्या खांबाला मिळून सगळ्या सात म्हशी बांधलेल्या. आक्का पदर खोचून उभ्या, आणि त्यांचा नवरा टोपी काढून हातात धरून. नेहमीच्या सवयीनं माझ्या मनात आलं, म्हणजे पाठिंबा.

सभापती बनियनवर, तोंडात ब्रश, अशा अवतारात बाहेर आले.

"पावणं, वैरण कुठं ठेवलीया?" नवऱ्यानं विचारलं.

सभापती तोंडातला फेस थुंकून काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांच्या मागून त्यांची आई बाहेर आली. सत्तरी ओलांडलेली, काठी टेकत. तिनं पहिल्याच म्हशीच्या शिंगांवरून हात फिरवला. "आगं माझे बाय," ती म्हणाली, "किती वर्सांनी दारात म्हस बांधली. ह्यानं सगळा गोठा इकून टाकला आन् पोर्च बांधला. हे काय जनावर हाय का काय हाय! पिळली का न्हाय अजून?"

"न्हाय जी," आक्का म्हणाल्या.

"मग चरवी आणा की कुणीतरी!"

म्हातारीनं स्वतः बसून धार काढायला घेतली. हात थरथरत होते, पण धार सरळ पडत होती. सभापती दारात ब्रश धरून उभे. शेवटी त्यांनीही हसून दिलं आणि समोरच्या दुकानातून कडब्याच्या पेंढ्या मागवल्या. गल्लीतल्या सगळ्यांना चहा झाला. मलाही एक कप मिळाला. ऑफिसला पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला, आणि पहिल्यांदाच तात्यांनी मस्टरवर माझ्या नावापुढे लाल खूण केली नाही.

दुपारी सभापतींच्या केबिनमधून बोलावणं आलं. मला वाटलं, झालं, आता घरफाळा विभागात बदली. तात्यांनाही तेच वाटलं. त्यांनी मला उगाच एक नवा पेन दिला, निरोपाचा असावा तसा.

सभापती खुर्चीत रेलून बसले होते. मला बसायला सांगितलं.

"कुठल्या तुमी?"

"जयसिंगपूर."

"वाचलासा बगा झकास." त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "एक सांगा. हशा आला हुता, हे तुमी सोताहून लिवलं?"

"आला होता म्हणून लिहिलं साहेब."

"व्हय, आलताच. चांगला आलता." ते पुढे वाकले. "आजवर मी ह्या सभागृहात किती हशे घेतले, कुठं नोंद न्हाय बगा. हितनं पुढं माझी भाषणं अशीच लिवत जावा. हशा आला तितं हशा."

बदली बाजूलाच राहिली, माझ्यावर नवीन संकट आलं. गोष्ट बाहेर फुटली आणि प्रत्येक सदस्याला आपापला हशा कागदावर हवा झाला. एकानं लेखी तक्रार दिली की त्याच्या भाषणात तीन वेळा हशा आला असताना दोनदाच नोंदवला आहे. तात्यांनी ती तक्रार फाइलला लावली आणि शेरा मारला, 'नोंद घेतली.' हळूहळू आमची इतिवृत्तं फुगत गेली. डोस्की आली, चा आला, वैरण तर आलीच होती. तात्या निवृत्त होईपर्यंत कुरकुरत राहिले. पण शेवटच्या दिवशी निरोपाच्या भाषणात ते एकदम कोल्हापुरीतच बोलायला लागले आणि थांबेनात.

हौद फेब्रुवारीत झाला. उद्घाटनाला सभापतींनी नारळ फोडला, आणि त्यांच्या आईला खुर्ची टाकून पहिल्या रांगेत बसवलं होतं. आक्कांच्या म्हशीनं भाषण संपायच्या आधीच हौदात उडी मारली आणि पहिल्या तीन रांगा भिजल्या.

आक्का पाच वर्षं बोलत राहिल्या. गॅलरीतली टोपी पुढे पुढे दिसेनाशी झाली. नवरा गोठा बघू लागला, कारण आक्कांना वेळ मिळेना. पुढच्या निवडणुकीत प्रभाग खुला झाला, त्या उभ्या राहिल्या आणि थोडक्यात पडल्या. नंतर सभागृहात टेपरेकॉर्डर आला, मग कॉम्प्युटर, आणि मी हेडक्लार्क झाले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आक्कांचा निरोप आला, जेवायला ये म्हणून. म्हैस व्यायली होती, खरवस केला होता. जेवण झाल्यावर त्यांनी ट्रंकेतून एक कापडी पिशवी काढली. त्यांच्या पाच वर्षांतली सगळी इतिवृत्तं, जिथे जिथे त्या बोलल्या ती पानं दुमडलेली.

"वाचून दाव की मला," त्या म्हणाल्या. आता मला 'अगं' म्हणायच्या. "डोळं गेलं माझं. मी लई बडबड केलीया, बघू तरी काय काय ते."

आम्ही सोप्यात चटईवर बसलो. मी वाचत गेले आणि त्या भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. कोंडाळ्याची ती एक ओळ मी वगळणार होते, पण त्यांनी तीही वाचायला लावली. हौदाला हसल्या. गटारीच्या भांडणाला "बरं झालं बोललो" म्हणाल्या. एका पानावर प्रभागातल्या नव्या हॉलची चर्चा होती. त्या जागेत पोरींसाठी अभ्यासिका करायची की महिला मंडळाला भजनाला द्यायची, असा विषय. आक्का भजनी मंडळाच्या बाजूनं जोरात बोलल्या होत्या. 'पोरी घरात बसून अभ्यास करत न्हाईत व्हय? आमी काय चुलीम्होरं भजन म्हणायचं?' कंसात हशा. ठराव त्यांच्या मनासारखा झाला होता.

त्या भिंतीपासून पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं.

"नात अकरावीला हाय," त्या म्हणाल्या. "घरात जागा न्हाय, म्हशींचा दंगा. रोज सायकलनं पार तिकडं स्टेशनाकडं जाती अभ्यासाला. पावसाळ्यात भिजून येती." त्यांनी पानावर हात ठेवला, जणू अक्षरं हाताला लागत होती. "हितं मी चुकलो बघ."

"आक्का, तेव्हा तुम्हाला वाटलं ते तुम्ही बोललात."

"व्हय. पण चुकलोच." मग विचारलं, "ते पुसता येत न्हाय न्हवं?"

"नाही. कायम झालंय."

"ऱ्हावू दे मग," आक्का म्हणाल्या. "उद्या तुझ्या हाफिसात येतो. त्या हॉलात पोरींच्या अभ्यासिकेसाठी अर्ज कसा करायचा ते सांग. आता मी नगरसेवक न्हाय, पण अर्ज करायला काय सदस्य असाय लागत न्हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्या आल्या, नातीला बरोबर घेऊन. अर्ज नातीनं लिहिला. आक्कांनी अक्षराला अक्षर लावून खाली सही केली.